त्यांनी ठेवलं होतं तसंच

४ मार्च

प्रिय ठिणगीस,

पत्र बघून दचकू नकोस. तुझा दादा बरा आहे, म्हणजे होता तसाच आहे. फोन केला असता, पण आमची ही एकच मोठी खोली, हे खिडकीपाशी पलंगावर, आणि झटका आल्यापासून कान मात्र पूर्वीपेक्षा तिखट झालेत. त्यांच्याविषयी त्यांच्याचसमोर बोलवत नाही. शिवाय तुझ्या त्या कारखान्यात पंपांच्या मोटारी घुरघुरत असतात. मी सांगणार एक, तू ऐकणार दुसरंच, आणि वर म्हणणार ‘हो हो, समजलं’. म्हणून लिहितेय. शेजारच्या काकू यांच्यापाशी बसल्यात आणि मी धक्क्यावर येऊन होडीतच कागद मांडीवर घेतलाय.

पाच महिने झाले. उजवा हात, उजवा पाय अजून लाकूडच. डाव्या हाताने कप धरतात. बोलणं गेलं ते गेलंच, एक ‘नको’ तेवढा तोंडात राहिलाय. चहा दिला की ‘नको’ म्हणतात आणि पितात. पंखा लावला की ‘नको’, बंद केला की ‘नको’. डॉक्टर म्हणाले, तो शब्द आपसूक येतो, अर्थ बघायचा नाही. डॉक्टरांना म्हणायला काय जातंय गं! मी होडीवर निघताना उंबऱ्यात चपला घालतेय आणि मागून ‘नको, नको’ ऐकू येतंय, तेव्हा अर्थ बघायचा नाही हे जमत नाही.

होडीचं तुला ठाऊकच आहे. आधी हे आठवड्यातून एकदा नर्सबाईंना पलीकडच्या दोन बेटांवर सोडायचे, ते काम मी चालू ठेवलं. फेब्रुवारीपासून दवाखान्याने तीन दिवस मागितलेत, मंगळवार, गुरुवार, शनिवार. आता लशींची एक थंड पेटीही बरोबर असते, विजेवर चालणारी. नर्सबाई बेटावर फिरतात तेव्हा दोन-तीन तास मी पेटी सांभाळत धक्क्याला बसते. हे असंच वर्षभर करणार का, ते दवाखान्याच्या डॉक्टरांना ३१ तारखेपर्यंत सांगायचंय. नाहीतर ते दुसरी लाँच बघतील.

आणि फेब्रुवारीपासूनच यांचं सुरू झालंय. मी निघाले की डावा हात वर करून काहीतरी खुणा करतात, ‘नको नको’ करतात, आणि मला कळलं नाही की डोळे भरून येतात. परत आले की पुन्हा तेच. तुझ्या दादाला रडताना तू तरी पाहिलं होतंस का कधी?

मी समजूत घालते. म्हणते, अहो, होडीत सगळं तुम्ही ठेवलं होतं तसंच ठेवलंय. आणि ते खरंच आहे. दोर तुमच्याच पद्धतीने गुंडाळते, स्टिअरिंगखालचं ते लाल गोल बटणसुद्धा भोवतालून पुसते, त्याला हात लावत नाही. हे सांगितलं की शांत व्हायचं सोडून आणखीच अस्वस्थ होतात.

मला वाटतं, त्यांना मी जायला नकोय. मग कोणासाठी जायचं? मी नकार कळवणार आहे. तुझं मत लिही.

तुझी वहिनी

१० मार्च

प्रिय वहिनी,

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. कागदाला वॉर्निशचा वास येईल, नाक मुरडू नकोस. अर्धं ऐकू येतं म्हणून टोमणा मारलास, तोही पोचला.

माझं मत हवंय तर ऐक. दादाचं हे जुनं दुखणं आहे. लहानपणी त्याचा पकड-पाना कोणी घेतला की घर डोक्यावर घ्यायचा. आता त्याची होडी त्याची बायको चालवते आणि बुडवत नाही, हे साहेबांना सहन होत नसणार. रुसू दे. रुसवा काढायला तू आहेसच, चाळीस वर्षं तेच करत आलीस.

पण रडतो हे वाचून डबा तसाच झाकून ठेवला. आप्पा गेले तेव्हा तो कोरड्या डोळ्यांनी सगळं करत होता. मग संध्याकाळी होडीच्या इंजिनात डोकं घालून बसला, तासभर बाहेर आला नाही. तेवढंच.

एक काम कर. खुणा म्हणजे कसल्या खुणा? तू लिहिलंस ‘काहीतरी’. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, मोटार ‘काहीतरी’ आवाज करते. त्याला मी परत पाठवते. बोटं किती, आधी काय, मग काय, सगळं नीट बघून लिही. आणि तोवर नकार-बिकार कळवू नकोस.

ठिणगी

१५ मार्च

प्रिय ठिणगीस,

तू सांगितलंस म्हणून आज निघायच्या आधी पलंगासमोर बसून नीट बघितलं. आधी दोन बोटं जोडून वर करतात, अशी की एकच वाटावीत. मग तोंडाने ‘नको’. मग दोन बोटं झटकन एकमेकांपासून लांब करतात. मग मूठ हवेत धरून मनगट पिळतात, बरणीचं घट्ट झाकण फिरवावं तसं. मग एक बोट दाखवतात. मग दाराकडे हात. आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

मी याचा अर्थ लावलाय. तुला लिहायला अवघड जातंय. आपण दोघं एकत्र होतो, आता वेगळे झालो. मी एकटा राहिलो आणि तू दाराबाहेर. आणि ते पिळणं म्हणजे जीव पिळवटणं. दुसरं काय असणार?

मी त्यांचा हात धरून म्हटलं, अहो, मी कुठे वेगळी झालेय? हात हिसडून घेतला माझ्या हातातून. चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

बाकी होडी ठीक आहे. इंजिन सुरू करताना हल्ली जरा कण्हतं. परवा बेटावरून निघताना तिसऱ्या खेपेला लागलं. धक्क्यावरचा मेकॅनिक म्हणाला, बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या, बदला. यांनी दोन्ही गेल्याच वर्षी आणल्यात, म्हणून मी बदलल्या नाहीत.

डॉक्टरांना द्यायची नकाराची चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवलीय. पुढच्या शनिवारी देईन. रागावू नकोस.

तुझी वहिनी

१८ मार्च

वहिनी, चिठ्ठी देऊ नकोस!

तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि मी उभ्या उभ्या लिहितेय. समोर एका पंपाची मोटार उघडी पडलीय, ती पडू दे. फोन तीनदा लावला. तू होडीवर, आणि काकूंना ‘बटण’ म्हटलं तर त्या दिव्याचं समजल्या. रात्री फोनवर तूही अर्धं ऐकून उलटंच फिरवशील, म्हणून कागदावरच.

बाई गं, जीव पिळवटणं कसलं, तो बॅटरीचा स्विच आहे! ते लाल गोल बटण, ज्याच्या भोवतालून तू इमानेइतबारे पुसतेस, ते फिरवायचं असतं. त्यावर चार जागा आहेत: बंद, एक, दोन्ही, दोन. दादाचंच अक्षर असेल बघ. ते आत्ता ‘दोन्ही’वर आहे की नाही? असणारच. जोडलेली दोन बोटं म्हणजे दोन्ही. ‘नको’ म्हणजे या खेपेला खरंच नको. त्यांना वेगळं कर, फिरव, आणि एक राखून ठेव, असं तो महिनाभर घसा फोडून सांगतोय, आणि तू त्याचा हात कुरवाळतेस. मीही शहाणी, म्हणे साहेब रुसले!

नीट वाच. होडीत बॅटऱ्या दोन. एक नंबरची फक्त इंजिन सुरू करायला. तिला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही. दोन नंबरची दिव्यांना, रेडिओला, आणि आता तुझ्या थंड पेटीला. इंजिन चालू असताना ‘दोन्ही’, म्हणजे दोघी भरून निघतात. बेटावर पोचून इंजिन थांबवलंस की लगेच ‘दोन’वर, मग पेटीने काय खायचं ते दोन नंबरचं खाऊ दे. निघताना ‘एक’, इंजिन लागलं की पुन्हा ‘दोन्ही’. संध्याकाळी बांधून घरी जाताना ‘बंद’. तू ‘दोन्ही’वर ठेवून तीन तास बसतेस तेव्हा पेटी दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या करत असते. म्हणून इंजिन कण्हतंय. बॅटऱ्या म्हाताऱ्या नाहीत, उपाशी आहेत.

आणि एक शपथेवर पाळ. इंजिन चालू असताना बटण ‘बंद’वरून कधीही न्यायचं नाही, क्षणभरही नाही. डायनामो जळतो. मला हे कसं माहीत, ते आज सांगते. दादाला मोठ्याने वाचून दाखव.

मी चौदा वर्षांची होते, दादा एकोणीसचा. आप्पांची होडी, आप्पा धक्क्यावर, दादा मागे दोर सोडतोय. मला सगळं येतं हे दाखवायचं होतं. चालू इंजिनावर मी बटण उलट्या बाजूने फिरवलं, ‘बंद’वरून. एक बारीकसा वास आला आणि चार्जिंगचा दिवा लागला तो लागलाच. आप्पा ओरडत आले. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, “माझ्या हातून झालं.” वर्षभर आप्पांनी त्याला होडीला हात लावू दिला नाही. मी एक अक्षर बोलले नाही. त्यानेही पुन्हा कधी विषय काढला नाही, फक्त त्या दिवसापासून मला ठिणगी म्हणायला लागला, आणि सगळ्यांना वाटलं मी तापट आहे म्हणून.

दादा, ऐकतोयस ना? मी होते ती. एकेचाळीस वर्षं लोकांच्या जळलेल्या मोटारी तार गुंडाळून पुन्हा बांधतेय, ते देणं अजून फिटत नाही.

ठिणगी

२४ मार्च

प्रिय ठिणगीस,

तुझं पत्र आज आलं. मधे टपालवाला तापाने आडवा झाला होता म्हणे, त्याच्या पिशवीत तीन-चार दिवस पडून होतं. सगळं ओळीने सांगते.

गुरुवारी दुसऱ्या बेटावर इंजिन लागलंच नाही. किल्ली फिरवली, टक् झालं आणि संपलं. रेडिओही मुका. पेटीचा दिवा विझला. उन्हं अजून होती, समुद्रही शांत होता, पण ठिणगी, मी किल्ली फिरवतच राहिले. नर्सबाई भल्या, म्हणाल्या, “ताई, घाबरू नका, पेटी तासभर थंडावा धरते.” त्यांनी पेटीला आपली शाल गुंडाळली. मी उभी राहून ओढणी हलवत होते. तासाभराने एक मासेमारीची होडी दिसली, तिने आम्हाला दोराने ओढत आणलं. वाटेत मी पेटीवर हात ठेवून बसले होते, जणू माझ्या हाताने ती गार राहणार होती. नर्सबाईंनी नंतर तपासलं, पाच लशी टाकाव्या लागल्या. पाच पोरांना पुन्हा बोलवावं लागेल. त्यांनी वहीत पाच नावं लिहून घेतली.

धक्क्यावरून कोणीतरी आधीच घरी सांगितलं होतं. मी आत आले तर हे पलंगावरून अर्धे खाली आलेले, काकू घाबऱ्या होऊन त्यांना धरतायत. मला बघून ते जे रडले, ते मला सांगवत नाही. मीही रडले. आणि शुक्रवारी सकाळी जाऊन डॉक्टरांना चिठ्ठी देऊन आले. तुझं पत्र तेव्हा टपालवाल्याच्या पिशवीत होतं.

आज दुपारी ते वाचलं आणि तशीच धक्क्यावर गेले. बटण ‘दोन्ही’वर. यांचंच अक्षर, पांढऱ्या रंगाने लिहिलेलं. ज्या दिवशी झटका आला, त्या दिवशी एक बॅटरी जरा कमी पडली असणार, म्हणून यांनी दोन्ही जोडून होडी कशीबशी घरी आणली, आणि धक्क्यावर उतरताना पडले. बटण तिथेच राहिलं. मला ते ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की त्यांच्या चांगल्या हाताने शेवटची हलवलेली वस्तू ती. ते त्या जागी आहे तोवर ते नुकतेच उतरून पुढे चालत गेलेत, असं वाटायचं. तू हसशील. मी त्यावरची धूळसुद्धा फुंकरीने उडवायचे. आणि रोज घरी येऊन त्यांना अभिमानाने सांगायचे, तुम्ही ठेवलं होतं तसंच आहे हो! त्यांचा जीव किती वर-खाली झाला असेल.

आज मी फिरवलं ते. घट्ट होतं. फिरवताना मला रडू आलं, पण फिरवलं.

मग घरी येऊन तुझं पत्र मोठ्याने वाचलं. दोन बॅटऱ्यांचं वाचताना ते डोळे मिटून प्रत्येक ओळीला मान हलवत होते. आणि तुझ्या कबुलीचं आलं तेव्हा हसले! झटक्यानंतर पहिल्यांदा. अर्धंच तोंड हसतं, पण पोट पूर्ण हलत होतं. मला वाटलं ठसका लागला, मी पाणी आणायला धावले. पुन्हा वाच म्हणून खूण केली. तीनदा वाचलं.

मग मी पेनाने पुठ्ठ्यावर बटण काढून त्यांच्यापुढे धरलं आणि परीक्षा दिली. इंजिन थांबवलं, कुठे? दोन. निघताना? एक. एकदा चुकले तर माझ्या हातावर चापट मारली.

हे सगळं छान झालं. पण बटणाचं कळलं, माझ्या जाण्याचं अजून कळलेलं नाही. ते बटण फिरव म्हणत होते. जा म्हणत होते, असं कुठे आहे त्यात? दाराकडचा हातही होडीकडेच असेल. विचारलं तर ‘नको’च येणार, आणि तो कुठला ‘नको’ हे मला कोण सांगणार? डॉक्टर म्हणाले, चिठ्ठी टेबलाच्या खणात ठेवलीय, ३१ पर्यंत दुसऱ्या कोणाला विचारत नाही. मी काय करू?

तुझी वहिनी

२७ मार्च

प्रिय वहिनी,

दादा हसला हे मी पाच वेळा वाचलं.

तू विचारतेस काय करू. तुझी तिन्ही पत्रं समोर ठेवून बसलेय. यांना काय हवंय, डॉक्टरांना काय हवंय, नर्सबाई काय म्हणाल्या, सगळं आहे त्यात. तुला काय हवंय, हे एकदाही लिहिलेलं नाहीस. मी शोधलं. नाहीच.

दादाला विचारू नकोस. त्याला विचारणं म्हणजे तुझं ओझं त्याच्या एका शब्दावर टाकणं आहे, आणि तो शब्द बिचाऱ्याच्या ताब्यात नाही. तू त्याला सांग. तुला जायचं असेल तर जायचंय म्हणून सांग. नसेल तर तसं सांग, मी कुरकुर करणार नाही. माझा भाऊ आडवा झालाय म्हणून तू दोन्ही माणसांची इच्छा एकट्या त्याच्याकडून काढत बसलीस, तर तोही थकेल आणि तूही.

मे महिन्यात चार दिवस सुट्टी काढतेय. तुमच्या बॅटऱ्या मला माझ्या डोळ्यांनी बघायच्यात. दादाला म्हणावं, मी इंजिन चालू असताना कशालाही हात लावणार नाही.

ठिणगी

१ एप्रिल

प्रिय ठिणगीस,

तुझं पत्र काल, म्हणजे शेवटच्या दिवशी आलं. वाचून तुझा राग आला. मग वाटलं, खरंच, कुठे लिहिलंय मी?

मला आवडतं गं. लिहायचीसुद्धा लाज वाटते. हे अंथरुणाला खिळलेले आणि मला होडी चालवायला आवडतं, हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? सकाळी दोर सोडला की पाण्याचा वास येतो आणि मला अठरा वर्षांची झाल्यासारखं वाटतं. बेटावरची पोरं मला ‘होडीवाली आजी’ म्हणतात. नर्सबाईंना मी सुकाणू धरायला शिकवतेय. चाळीस वर्षं मी या होडीत डबा घेऊन बसणारी होते, आणि यांच्या पडण्यामुळे मला ती मिळाली. म्हणून मी यांच्या तोंडून नकार ऐकायला इतकी तयार होते, असं आज वाटतं. त्यांनी अडवलं असतं म्हणजे माझ्या मनातलं ते देणं फिटलं असतं.

काल दुपारी त्यांच्यासमोर बसले आणि हे सगळं सांगितलं. अगदी हेच शब्द. म्हटलं, विचारत नाहीये, सांगतेय. मला जायचंय. ते म्हणाले, “नको,” आणि तोंड खिडकीकडे वळवलं. आता यातून काय घ्यायचं? पण सांगून झालं होतं. डॉक्टरांकडे जाऊन चिठ्ठी परत घेतली आणि हो म्हणून आले.

आज मंगळवार, त्या गुरुवारनंतरची पहिली फेरी. मेकॅनिकने दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या भरून दिल्या. बेटावर पोचल्यावर ‘दोन’. तीन तास पेटी सुखाने घुमत होती. निघताना ‘एक’, किल्ली फिरवली, पहिल्याच खेपेला लागलं. मी एकटीच मोठ्याने हसले. लाटा उलट्या होत्या म्हणून यायला तासभर उशीर झाला. मी सारखी घड्याळ बघत होते, कारण एक गोष्ट तुला कधी लिहिली नव्हती. मी गेले की हे दुपारी डोळा मिटत नाहीत. उशीला टेकतसुद्धा नाहीत. काकू कितीदा म्हणाल्या, जरा पडा, तरी धक्क्याकडे कान लावून बसतात, माझ्या इंजिनाचा आवाज येईपर्यंत. इतक्या महिन्यांत एकही दिवस चुकला नाही. त्या गुरुवारनंतर आज तर किती ताटकळले असतील, म्हणून मी धक्क्यापासून जवळजवळ पळत आले.

काकूंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी आत डोकावले.

तुझा दादा झोपला होता. कुशीवर वळून, तोंड उघडं टाकून, चक्क घोरत होता. काकू म्हणाल्या, तू गेलीस, जेवले, आणि तेव्हापासून असेच. इंजिनाचा आवाज आला तरी हलले नाहीत.

मी चपला हातात घेऊन पलंगापाशी उभी राहिले. उठवलं नाही. अजून झोपलेलेच आहेत, मी शेजारी बसून तुला लिहितेय.

तुझी वहिनी